बिडाच्या एका बाकाचा कालनिर्णय

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांमध्यें पोथी, सनद, नाणें, ताम्रपट यांस जो मान आहे तो बागेंतील बिडाच्या बाकास, कारंज्यास अथवा कठड्यास मिळत नाहीं. पोथीच्या पानावर पाण्याचा डाग पडला तर आपण हळहळतों. परंतु शंभर-सव्वाशें वर्षें ऊनपाऊस सोसलेल्या बाकावर गंज दिसतांच "घासून काढा व रंग द्या" एवढीच आज्ञा माळ्यास होते. या आज्ञेनें पुष्कळदां लोखंड वांचतें, पण लेख मरतो. बिडाच्या वस्तूवर लेख असतो, व तो दोन प्रकारचा असतो: एक सांच्यांतून उमटलेला, दुसरा रंगाच्या थरांनीं लिहिलेला. हे दोन्ही वाचल्यावांचून गंज काढणें म्हणजे पत्र उघडण्यापूर्वींच तें धुऊन टाकणें होय. एका बाकाच्या प्रकरणीं आम्हांस याचा प्रत्यक्ष अनुभव आला. त्याची हकीगत, व तीवरून ठरलेली कामाची रीत, वाचकांपुढें ठेवितों.

१. बाकांची जोडी व तिची आख्यायिका

पुण्याच्या लष्कर भागांतील एका जुन्या बंगल्याच्या बागेंत बिडाचीं दोन बाकें आहेत. दोहोंच्या बाजू व पाठ ओतीव असून त्यांवर वेलपत्तीची नक्षी आहे; बैठक सागवानी पट्ट्यांची आहे. सांप्रतच्या मालकांच्या आजोबांनीं बंगला विकत घेतला तेव्हां हीं बाकें बागेंतच होतीं. घरांत चालत आलेली आख्यायिका अशी कीं, सन १८५७ च्या उठावाच्या वर्षीं तीं विलायतेहून आलीं. या म्हणण्यास पुरावा म्हणून एका बाकाच्या पाठीमागें रंगाखालून उठून दिसणारें इंग्रजी 'के' हें अक्षर दाखविण्यांत येई. हा पुरावा अगदींच पोकळ नव्हता, हें पुढें दिसून येईल.

आम्हीं पाहिलें तेव्हां जोडींतील पहिलें बाक नव्यासारखें काळें चकचकीत होतें. दोन वर्षांपूर्वीं तें एका कारखान्यांत दुरुस्तीस दिलें होतें. तेथें विजेवर फिरणाऱ्या सहाणेनें रंग, गंज आणि नक्षीच्या कडा हीं तिन्ही एकदमच उतरविण्यांत आलीं. पाठीमागें जेथें चिन्ह असावयाचें तेथें आतां हात फिरविला तर केवळ गुळगुळीतपणा लागतो. कारागिराचा यांत दोष नाहीं. त्यास जें सांगितलें तें त्यानें चोख केलें. दोष सांगणाराचा, कारण त्यानें आधीं पाहिलें नाहीं. दुसरें बाकही त्याच वाटेनें जाणार होतें. मालकांनीं आमच्या विनंतीस मान देऊन तें थांबविलें, म्हणूनच हें टिपण लिहितां येत आहे.

२. शंकरपाळ्याच्या आकाराचें चिन्ह

ब्रिटनमध्यें सन १८४२ च्या कायद्यानें शोभेच्या नक्षीची नोंदणी करण्याची नवी व्यवस्था झाली. ज्या कारखानदारानें नक्षी नोंदविली, त्याच्या मालावर एक ठराविक चिन्ह उमटूं लागलें. चिन्हाचा आकार उभ्या शंकरपाळ्यासारखा असून माथ्यावर एक लहान वर्तुळ असतें. वर्तुळांत मालाचा वर्ग रोमन अंकानें दिलेला असतो. धातूच्या वस्तूंचा वर्ग पहिला. शंकरपाळ्याच्या मध्यभागीं नोंदणीचीं दोन अक्षरें, आणि चार कोनांत साल, महिना, दिवस व गठ्ठ्याचा क्रमांक. साल व महिना अक्षरांनीं दाखवीत. दिवस व गठ्ठा अंकांनीं.

येथपर्यंत सोपें आहे. अडचण अशी कीं, सालाचीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें लावलेलीं नाहींत, व पंचवीस-सव्वीस वर्षांत तीं संपलीं तेव्हां तींच पुन्हां वापरण्यांत आलीं. दोन आवर्तनांचा घोटाळा होऊं नये म्हणून कोनांची अदलाबदल केली. १८४२ ते १८६७ या पहिल्या आवर्तनांत साल माथ्याच्या कोनांत, महिना डावीकडे, दिवस उजवीकडे व गठ्ठा तळाशीं. १८६८ ते १८८३ या दुसऱ्या आवर्तनांत दिवस माथ्याच्या कोनांत, साल उजवीकडे, महिना तळाशीं व गठ्ठा डावीकडे. सन १८८४ पासून हें चिन्ह बंद होऊन साधे अनुक्रमांक सुरू झाले. उदाहरणार्थ, श्रॉपशायर परगण्यांतील कोलब्रुकडेल कंपनीनें नेचे व काळ्या बेरीच्या वेलीची नक्षी असलेलें आपलें प्रसिद्ध बाक १८५८ सालीं नोंदविलें. त्या सालाचें अक्षर 'बी', व त्याची जागा माथ्याच्या कोनांत.

आतां आमच्या 'के' कडे वळूं. पहिल्या आवर्तनांत 'के' म्हणजे १८५७. दुसऱ्यांत 'के' म्हणजे १८८३. शिवाय महिन्यांच्या यादींत 'के' म्हणजे नोव्हेंबर. यास्तव एकच अक्षर माथ्याच्या कोनांत असेल तर १८५७, उजवीकडे असेल तर १८८३, डावीकडे असेल तर पहिल्या आवर्तनांतील कोणत्या तरी सालचा नोव्हेंबर, आणि तळाशीं असेल तर दुसऱ्या आवर्तनांतील नोव्हेंबर. घरांतील कोणी पूर्वजानें एखाद्या पुस्तकांतील पहिली यादी पाहून १८५७ हें साल काढलें असावें, आणि तें आख्यायिकेशीं जुळल्यामुळें पुढें कोणीं शंका घेतली नसावी. परंतु बाकावर फक्त अक्षर दिसत होतें. शंकरपाळ्याची चौकट, वर्तुळ व बाकीचे कोन रंगांत पूर्ण बुडालेले होते. अक्षर चौकटीच्या कोणत्या कोनांत आहे हेंच कळत नव्हतें, आणि सगळा निर्णय त्यावर अवलंबून होता.

३. चिन्हाचें वाचन

सहाण, वाळूचा मारा किंवा आग यांपैकीं कांहींही न वापरतां चिन्हाभोंवतींची तळहाताएवढीच जागा घेतली. जुन्या रंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असल्यानें कोरडें खरवडणें वर्ज्य केलें. ती धूळ श्वासावाटे जाणें घातक आहे. रंग मऊ करणारा लेप लावून, त्यावर कागद ठेवून, कांहीं वेळानें लांकडी काडीनें थर उचलीत गेलों. पोथीचीं चिकटलेलीं पानें सोडवितांना जो धीर लागतो तोच येथें लागला. तिसऱ्या दिवशीं वर्तुळ व त्यांतील रोमन एक दिसूं लागला. त्याच्या खालच्या, म्हणजे माथ्याच्या कोनांत अक्षर नव्हतें, अंक होता. 'के' हें अक्षर उजव्या कोनांत होतें.

यावरून निर्णय निःसंदिग्ध झाला. माथ्याच्या कोनांत अंक व उजवीकडे अक्षर ही रचना फक्त दुसऱ्या आवर्तनाची. अर्थात् साल १८८३. डावीकडचा गठ्ठ्याचा क्रमांक गंजानें खाल्ला आहे. तो शाबूत असता तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत जतन असलेल्या नोंदवह्यांवरून नक्षी नोंदविणाऱ्या कारखानदाराचें नांवही काढतां आलें असतें. पहिल्या बाकावर तो क्रमांक कदाचित् धड राहिला असेल. पण त्या बाकाचें तोंड आतां कायमचें मिटलें आहे. दोन प्रती असतांना एकींतील त्रुटित जागा दुसरीवरून भरून काढण्याचा जो मार्ग पोथ्यांच्या अभ्यासकांस नित्य उपयोगी पडतो, तो अर्ध्या तासाच्या घासकामानें बंद झाला.

आख्यायिका सव्वीस वर्षांनीं खोटी ठरली, याचें मालकांस प्रथम वाईट वाटलें. पण आख्यायिकेपेक्षां साल अधिक मोलाचें, हें त्यांनीं लवकरच मान्य केलें.

४. सालाचा अर्थ किती?

येथें एक सावधगिरीची सूचना करणें जरूर आहे. १८८३ हें नक्षीच्या नोंदणीचें साल आहे, बाक ओतल्याचें नव्हे. एकच सांचा कारखान्यांत कित्येक वर्षें चालत असे. म्हणून एवढेंच म्हणतां येतें कीं, हें बाक १८८३ च्या पूर्वींचें नाहीं. त्यापुढेंही एक पायरी आहे. जुन्या बाकावरूनच वाळूंत सांचा घेऊन नवें बाक ओतलें, तर जुनें चिन्हही त्याबरोबर उतरतें. नकलनवीस मूळ पोथींतील समाप्तीचा शक जसाच्या तसा उतरून घेतो, आणि त्यामुळें शंभर वर्षांनंतरची प्रत मूळ शकाची वाटते, त्यांतलाच हा प्रकार होय.

अशी नक्कल ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. बीड थंड होतांना सुमारें शेंकडा एक या मानानें आकसतें; म्हणून वस्तूवरून ओतलेली वस्तु मुळापेक्षां थोडी लहान भरते. नक्षीच्या कडा बोथट होतात व चिन्हांतील बारीक अंक भरून जातात. अलीकडे पुष्कळ नकला ॲल्युमिनियमच्या असतात. त्या हलक्या असून त्यांस लोहचुंबक चिकटत नाहीं. आमच्या बाकाच्या पानांच्या शिरा स्पष्ट आहेत व चिन्हांतील अंक तीक्ष्ण आहेत. म्हणून तें मूळ सांच्यांतून निघालेलें मानण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाहीं.

५. रंगाचे थर

दुसरा लेख रंगाचा. बैठकीच्या खालीं, जेथें ऊन व हात कमी लागले, तेथें तिरकी कापलेली लहानशी खिडकी करून भिंगानें पाहिलें. वरून खालीं क्रम असा लागला: चंदेरी, काळा, गडद हिरवा, शेंदरी, मळाची बारीक रेघ, काशाच्या छटेचा हिरवा, पुन्हां शेंदरी, व खालीं धातु.

चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रंग. तो सरसकट वापरांत आला विसाव्या शतकांत. शेंदरी थर शेंदुराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचा; जवसाच्या तेलांत कालवून तो लोखंडास अस्तर म्हणून देत. शेंदरी थर दोनदां आला, म्हणून बाकास अस्तरासह रंग देण्याचे प्रसंग निदान दोन. मधली मळाची रेघ सांगते कीं, या दोहोंमध्यें बाक बराच काळ उघड्यावर दुर्लक्षित पडून होतें. काळा थर वरून दुसरा, म्हणजे बराच उशिरांचा. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, कारण जुनें बाग-लोखंड काळेंच असावयाचें अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. राजपुत्र आल्बर्ट १८६१ सालीं वारला तेव्हां दुखवट्यासाठीं इंग्लंडांतील कठडे काळे करण्यांत आले, ही गोष्ट त्याच समजुतीची सोबतीण असून तीस समकालीन आधार नाहीं. त्या काळीं बागेच्या लोखंडास हिरव्या व काशाच्या छटा देण्याची चाल चांगलीच परिचित होती. बाग-रचनाकार हंफ्री रेप्टन यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाडींत मिसळून अदृश्य होणाऱ्या गडद हिरव्या रंगाचा पुरस्कार केला होता.

तथापि सर्वांत खालचा थर तो मूळ थर, असेंही एकदम म्हणूं नये. पूर्वीं कोणीं बाक स्वच्छ खरवडून पुन्हां रंगविलें असेल, तर मूळ रंगाचा मागमूसही राहत नाहीं. उपलब्ध थरांतील सर्वांत जुना, एवढेंच म्हणणें योग्य.

थरांखालीं मूळ रूप दडलेलें असतें, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदुराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर २०२२ सालीं काढण्यांत आले तेव्हां मूर्तीचें जें रूप प्रगट झालें, तें अनेक भाविकांनीं प्रथमच पाहिलें. पाषाण व लोखंड यांत मात्र एक मोठा भेद आहे. पाषाणावरील थर काढून तो तसाच ठेवितां येतो. लोखंड उघडें ठेविलें तर एका पावसाळ्यांत पुन्हां तांबडें होतें. विल्यम मॉरिस याच्या पुढाकारानें १८७७ सालीं इंग्लंडांत प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ जी संस्था निघाली, तिनें जुन्या भिंती खरवडण्यास कडाडून विरोध केला. तिचा उपदेश लोखंडासही लागूं आहे, पण पुरता नाहीं. रंग हें बिडाचें वस्त्र आहे. तें वेळोवेळीं बदलणें हा त्याच्या आयुष्याचाच भाग. प्रश्न वस्त्र बदलावें कीं नाहीं हा नसून, जुनें फेंकण्यापूर्वीं त्याची नोंद केली कीं नाहीं हा आहे.

६. रक्षणाची रीत

प्रथम धातूची जात ओळखावी. बिडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा दोन ते चार असतें. तें दाबास बळकट पण ठोक्यास ठिसूळ. त्यावर सांच्याच्या दोन अर्धांची जोडरेघ सांपडते, व मोठ्या वस्तु बोल्टांनीं जोडलेल्या असतात. घडीव लोखंडांत कर्ब नांवापुरता असतो. तें वांकवून व रिवेट मारून घडवितात, आणि गंजलें कीं लांकडासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. बिडाच्या पृष्ठावर ओततांना तयार झालेली एक कठीण त्वचा असते व ती गंजास कांहीं अंशीं दाद देत नाहीं. सहाणेनें किंवा जोराच्या वाळूच्या माऱ्यानें ही त्वचाच निघून जाते. मग साफ केलेलें बाक न साफ केलेल्यापेक्षां लवकर गंजतें. म्हणून हातानें चालविलेला तारेचा ब्रश, व तोही चिन्हापासून दूर, हाच उत्तम.

गंजास पाणी व हवा दोन्ही लागतात. त्यांत मीठ मिळालें कीं तो वेग घेतो; यास्तव कोंकणपट्टीवरील वस्तु प्रथम गोड्या पाण्यानें पुन्हां पुन्हां धुऊन पूर्ण वाळवावी. गंज मूळ धातूपेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. जोडांत तो सांचला कीं पाचरीसारखा काम करतो व जाड बीडही तडकवितो. बिडाची भेग साध्या झाळकामानें सांधूं जाऊं नये. एका जागीं पडलेल्या तापानें शेजारीं नवी भेग पडते. टांके घातल्यासारख्या धातूच्या पट्ट्यांनीं थंड अवस्थेंतच ती जोडण्याची कला उपलब्ध आहे.

खांचाखोंचांतून न निघणाऱ्या गंजावर टॅनिक आम्लाचा हात देतात. त्यानें गंजाचें निळसर काळ्या, स्थिर थरांत रूपांतर होतें. पोथ्यांच्या संग्राहकांस हा पदार्थ अपरिचित नाहीं. हिरड्यांतील टॅनिन व हिराकस यांच्या संयोगानें जी काळी शाई होते, तिचा रंग याच संयुगाचा. काजळाची शाई कागदास निरुपद्रवी, ही लोहयुक्त शाई मात्र कालांतरानें कागद पोखरते. जें कागदाचा घात करतें तेंच लोखंडाचें कवच होतें.

यानंतर अस्तर. शेंदूर आतां वापरूं नये. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० हून अधिक नसावें, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला असून तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आहे. शेंदुराच्या जागीं जस्ताच्या फॉस्फेटाचें अस्तर चालतें. धातु साफ झाल्यावर तें त्याच दिवशीं द्यावें. रात्रभर उघडें राहिलेलें लोखंड सकाळीं पुन्हां तांबूस झालेलें असतें. काम दिवाळीनंतर कोरड्या हवेंत घ्यावें, पावसाळ्यांत कधींही नाहीं. कडा व कोपरे यांवर रंग पातळ बसतो. त्यांस आधीं एक जादा हात द्यावा, मग सर्वत्र तेलरंगाचे दोन हात. नवे बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे घातल्यास बीड व बोल्ट यांमध्यें प्लास्टिकच्या चकत्या घालाव्या, नाहींतर ओलींत बीडच आधीं झिजतें. पाणी सांचणारे खळगे बुजवावे किंवा त्यांस वाट करून द्यावी.

आमच्या बाकास शेवटीं काशाच्या छटेचा हिरवा रंग दिला. बैठकीखालची वीतभर जागा मात्र जुन्या सर्व थरांसह, वरून केवळ पारदर्शक लेप देऊन, साक्षीसाठीं तशीच राखली आहे. चिन्हाचा कागदावर ठसा घेतला, छायाचित्रें काढलीं, आणि थरांचा क्रम, तारीख व वापरलेल्या द्रव्यांचीं नांवें एका कागदावर लिहून तो बंगल्याच्या दफ्तरांत ठेविला. पुढें कोणीं हें बाक पुन्हां रंगविलें तर त्यास आमची चूकही शोधतां यावी, हा हेतु.

७. समारोप

दुसऱ्या महायुद्धांत, विशेषतः १९४१ पासून, ब्रिटनमधील बागांचे व घरांचे असंख्य लोखंडी कठडे युद्धोपयोगी धातूसाठीं कापून नेण्यांत आले. आपल्याकडे तसा प्रसंग आला नाहीं. आपल्याकडील बीड नष्ट होतें तें भंगारांत, अथवा उत्साहानें केलेल्या दुरुस्तींत. उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. गव्हर्नर सर सीमोर फिट्झगेराल्ड यांच्या नांवाचें मुंबईच्या धोबी तलावावरील बिडाचें कारंजें विसाव्या शतकांत जागेवरून उतरविण्यांत आलें. त्याचे भाग भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत अनेक वर्षें राहिले. ते भंगारांत गेले नाहींत, म्हणूनच अलीकडे त्यांची दुरुस्ती होऊन कारंजें आपल्या जुन्या परिसरांत पुन्हां उभें राहूं शकलें.

जुने वाडे, बंगले, देवळांचीं आवारें व सार्वजनिक बागा यांत अशीं कित्येक बाकें, खांब व कठडे अद्याप आहेत. संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, रंगारी बोलाविण्यापूर्वीं एक सकाळ काढून त्या वस्तूच्या पाठीमागें व बैठकीखालीं पाहावें, ठसा घ्यावा, थर मोजावे, आणि मगच ब्रश हातीं द्यावा. आमच्या जोडींतील एक बाक आज १८८३ हें साल सांगतें. दुसरें तितकेंच सुंदर दिसतें, पण कांहींच सांगत नाहीं.